तुम्ही विचारलंत म्हणून: लग्नाआधी समुपदेशन कशाला?

"आमचं इतकं छान जमतंय, मग लग्नाआधी समुपदेशन कशाला? त्याने संसार सुखाचा होतो का?" लग्न ठरलेली मुलं-मुली विचारतात, आईवडील तर हमखास. मी हेच काम करते, म्हणून उत्तर जपून देते.

सुखाची हमी मी देत नाही. अमेरिकेतल्या चार राज्यांत तीन हजारांहून जास्त लोकांची पाहणी झाली होती, तिचे निष्कर्ष २००६ साली आले. असं मार्गदर्शन घेतलेल्यांमध्ये समाधान जास्त आणि घटस्फोट कमी दिसले. पण मुळात विचारी जोडपीच अशा ठिकाणी जात असतील, तर? २०१० मध्ये संशोधकांनी अशा मार्गदर्शनावरचे अभ्यास, अप्रकाशितही धरून, एकत्र तपासले, तेव्हा समाधान वाढल्याचं दिसलं नाही. संवाद मात्र सुधारला होता. मला हे पटतं. लग्न ठरलेली माणसं आधीच आनंदात असतात, तो आनंद आणखी किती वाढणार?

संवाद सुधारतो म्हणजे काय, ते सांगते. आम्ही एक साधा सराव करून घेतो. एकाने बोलायचं, दुसऱ्याने ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगायचं, मगच स्वतःचं म्हणणं मांडायचं. एक मुलगा म्हणाला, "आईला दर महिन्याला पैसे पाठवणं मी थांबवणार नाही."

"म्हणजे आईपुढे माझं काही चालणार नाही," मुलगी म्हणाली.

"असं नाही म्हटलं मी."

"मग तुझ्या पगारात मी बोलायचं नाही."

तेही नाही. तिने हातातली पेन्सिल खाली ठेवली. बराच वेळ गेला. मग हळूच म्हणाली, "आई एकटी पडेल अशी भीती वाटते तुला." त्याला पुढे बोलताच येईना.

किती पैसे पाठवायचे, हे त्या दिवशी ठरलं नाहीच. जोडप्यांचा अभ्यास करणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांच्या संशोधनात जोडप्यांचे सुमारे ६९ टक्के वाद असेच, कधी पूर्ण न मिटणारे निघाले होते. अशा वादांसोबतच राहायचं असतं, आणि ते कसं राहायचं हे मात्र शिकता येतं.

काही जोडपी आमच्याकडे बोलता बोलता लग्न न करायचं ठरवतात. घरचे माझ्यावर चिडतात. त्या दोघांना वेळेत कळलं, याचं मला मनापासून समाधान वाटतं. म्हणूनच म्हणते, यायचं तर तारीख जाहीर होण्याआधी या. नंतर मनातली शंका बोलून दाखवणं फार जड जातं.