चीज वितळलं नव्हतं

मी मिस्टरी शॉपरचं काम करते, गेली सहा वर्षं. म्हणजे साधं गिऱ्हाईक बनून आउटलेटला जायचं, सांगितलेला बर्गर मागवायचा, आणि नंतर फॉर्मवर मार्क भरायचे. ऑर्डर दिल्यापासून हातात यायला किती वेळ लागला, बन आतून शेकलाय का, सॉस मधोमध आहे की एका बाजूला, लेट्युस काळं पडलंय का, टेबल पुसलंय का, सगळं. पर्समधे छोटा प्रोब थर्मामीटर असतो, तो कोपऱ्यात बसून पॅटीत खुपसायचा आणि आकडा लिहून ठेवायचा. आपण कोण ते कुणाला कळू द्यायचं नाही हा पहिला नियम, आणि तो मी फक्त एकदाच मोडला.

जुलै महिना, सकाळपासून धो धो पाऊस, हार्बर बंद, सेंट्रल रखडत. घाटकोपरच्या बाजूचं आउटलेट होतं, चेनचं नाव नाही लिहीत. आत पाय ठेवायला जागा नाही, अडकलेली ऑफिसची माणसं, ओल्या छत्र्या, आणि मागच्या बाजूला फुगे लावून एका मुलीचा वाढदिवस, पंधरा-वीस पोरं. लाईट दोनदा जाऊन आली. मी चिकन चीजबर्गर मागवला. (अमेरिकेत चीजबर्गर म्हणजे बीफचा, आपल्याकडे या चेनमधे चिकन नाहीतर व्हेज.) चार मिनिटं दहा सेकंदांत मिळाला, एवढ्या गर्दीत हे खरंच चांगलं, मी मनात पूर्ण मार्क देऊन टाकले होते.

मग कागद उघडला. कागद कोरा होता.

ज्यांनी हे काम केलंय त्यांना लगेच कळेल. चीजबर्गरचा कागद कधी कोरा नसतो, कुठेतरी चीज चिकटतंच. स्लाईस येते फ्रीजमधून, पण प्रोसेस्ड चीजमधे सोडियम सायट्रेट किंवा फॉस्फेटसारखे क्षार असतात त्यामुळे ते तेल न सोडता एकसारखं वितळतं, गरम पॅटीवर ठेवलं की मिनिटभरात चारही कोपरे खाली वाकतात. म्हणून मी चवीच्या आधी चीज बघते. बन मऊ असेल, सॉस छान असेल, पण पॅटी गरम होती की नाही ते चीजच सांगतं. इथे चारही कोपरे ताठ, काटकोनात, मधे पाकिटातली घडी तशीच दिसत होती. प्रोब घातला, ४७. दुसऱ्या बाजूने घातला, ४६.

पोटात गोळाच आला. शिजवलेलं अन्न ६० डिग्रीच्या वर ठेवायचं हे डब्ल्यूएचओचं साधं सांगणं आहे, ५ ते ६० च्या मधे जंतू भराभर वाढतात. पॅटी शिजताना आतून ७४ ला गेली असेलही, पण नंतर ती किती वेळ अशी पडून होती कुणाला माहीत. वडापावाला ही भानगड नाही, वडा कढईतून निघतो तो थेट पावात आणि खाणाऱ्याचं तोंड भाजतं. इथे सगळं होल्डिंग कॅबिनेटवर, म्हणजे अन्न गरम ठेवणाऱ्या कपाटावर चालतं, पॅटी आधी करून तिथे ठेवायची आणि टायमर संपला की फेकायची.

नियमाप्रमाणे मी गप्प घरी जाऊन क्रिटिकल फेल, म्हणजे गंभीर चुकीसाठी नापास, असं भरायला हवं होतं, रिपोर्ट दुसऱ्या दिवशी पोचला असता. पण काउंटरवर वाढदिवसाचे बर्गर पॅक होत होते, त्याच कॅबिनेटमधून. मी उठले, गर्दीतून वाट काढत गेले आणि ऑथरायझेशन लेटर काढून शिफ्ट मॅनेजरसमोर धरलं. पोरगा चोवीस-पंचवीसचा असेल. म्हटलं, दादा, ते बर्गर थांबव, आणि कॅबिनेट बघ.

त्याने हात लावला मात्र, चेहराच उतरला. लाईट जाऊन आली तेव्हा हीटर ट्रिप झाला होता, टायमर मात्र परत चालू झाले होते, त्यामुळे बाहेरून बघणाऱ्याला सगळं व्यवस्थित. त्याने एका शब्दाने वाद घातला नाही. सगळे ट्रे वेस्टमधे ओतले, पॅक झालेलेही उघडून टाकले, ग्रिलवरच्या मुलाला ओरडून सांगितलं कॅबिनेट बंद, आता ताजंच काढ. मग स्वतः त्या मुलीच्या आईकडे जाऊन हात जोडून म्हणाला, ताई वीस मिनिटं द्या. ती चिडली, साहजिक आहे, पोरं भुकेली होती, खूप बोलली त्याला. तो ऐकून घेत उभा राहिला.

मला ऑफिसने नंतर झापलं, ओळख का सांगितली म्हणून, आणि ते आउटलेट माझ्या यादीतून काढलं. ठीक आहे, परत तसं दिसलं तर परत सांगेन.

निघताना त्याने मला दुसरा बर्गर दिला. कागद उघडला तर चीज एका बाजूने कागदाला चिकटलेलं, बन आतून छान लालसर, प्रोब घातला तर ७१. पण फॉर्मवर मार्क पहिल्याच बर्गरचे धरतात. क्रिटिकल फेल भरलं, आणि रिमार्कच्या चौकोनात त्याने काय काय केलं ते वेळेसकट लिहिलं, जागा संपेपर्यंत.