झाडाच्या प्रत्येक पायरीवर

लिनक्सच्या कर्नलमधला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातला, रेड-ब्लॅक ट्री पहिल्यांदा वापरला तेव्हा मी वैतागले होते. माहिती क्रमानं मांडून पटकन शोधता यावी म्हणून झाडासारखी केलेली ही रचना, तिचा एकेक घटक म्हणजे नोड. नोड जोडल्यावर रंग बदलणं, फांद्या फिरवून तोल सांभाळणं हे सगळं कर्नल करतं, पण शोधायचा लूप मात्र ज्याचा त्यानं लिहायचा. डावीकडे वळायचं की उजवीकडे, हे ठरवणारी तुलनाही आपणच करायची. त्यामुळे तोच दहा-बारा ओळींचा लूप कर्नलभर जागोजागी दिसतो. कॉलेजात सी भाषेतलं क्यूसॉर्ट हे क्रम लावणारं फंक्शन शिकताना तुलनेचं फंक्शन पॉइंटरनं, म्हणजे त्याचा पत्ता देऊन, द्यायचं असतं, ती साधी सोय इथे का नसावी?

ही २०१९ सालची गोष्ट. मी पुण्यात एका स्टोरेज ड्रायव्हरवर काम करत होते. त्यात असे तीन ट्री होते. तिघांसाठी मी एक सामाईक थर लिहिला आणि ट्रीच्या स्ट्रक्टमध्येच तुलनेच्या फंक्शनचा पॉइंटर ठेवला. कोड बराच आटोपशीर झाला, मला तो मनापासून आवडला होता. रिव्ह्यूला आमच्यातले एक ज्येष्ठ सहकारी होते. त्यांनी एवढंच विचारलं, "एका रिक्वेस्टमागे हा पॉइंटर किती वेळा चालतो?"

मला उत्तर देता आलं नाही. त्या संध्याकाळी वहीत हिशेब मांडला. ट्रीत एक लाख नोड असतील तर तळापर्यंत साधारण १७ पायऱ्या. प्रत्येक पायरीवर एक तुलना, म्हणजे एका शोधात १७ इनडायरेक्ट कॉल, म्हणजे पॉइंटरमधून केलेले कॉल.

साध्या कॉलमध्ये कुठे जायचं तो पत्ता इन्स्ट्रक्शनमध्येच लिहिलेला असतो. पॉइंटरमधून केलेल्या कॉलचा पत्ता ऐनवेळी कळतो, म्हणून प्रोसेसर अंदाज बांधून पुढे पळतो. अंदाज बरोबर आला की कॉल जवळजवळ फुकटात पडतो. कॉलबॅक, म्हणजे असं पॉइंटरनं दिलेलं फंक्शन, स्वस्त असतात हा आमच्या पिढीचा समज या अंदाजावरच उभा होता. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर ही प्रोसेसरमधली सुरक्षेची त्रुटी जाहीर झाली आणि हाच अंदाज हल्लेखोराच्या हातातलं हत्यार ठरला. त्यावरचा रेटपोलीन हा उपाय त्याच महिन्यात आलेल्या ४.१५ कर्नलमध्ये होता. तो प्रोसेसरला मुद्दाम अंदाज बांधू देत नाही. त्यामुळे जिथे रेटपोलीन चालू आहे तिथे एकेका इनडायरेक्ट कॉलला काही डझन सायकल, म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके, मोजाव्या लागतात. तीस धरल्या तरी १७ पायऱ्यांच्या ५१० सायकल, ३ गिगाहर्ट्झवर १७० नॅनोसेकंद. आणि एवढं करून मिळवायचं काय, तर दोन सेक्टर नंबरांतला लहान कोणता! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

दुसऱ्या दिवशी वेळ कुठे जातो ते मोजणारं पर्फ लावून पाहिलं, तर रेटपोलीनचा थंक, म्हणजे प्रत्येक इनडायरेक्ट कॉल ज्यातून जातो तो छोटा तुकडा, यादीत अगदी वरच होता. मग दर रिक्वेस्टला चालणारा एक ट्री मी पुन्हा हातानं लिहिला. उरलेले दोन फक्त कॉन्फिगरेशन बदललं की चालायचे. त्यांना सामाईक थरावरच राहू दिलं, आणि तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो. फाइलच्या रीड-राइटसाठी कर्नलमध्ये सरसकट फंक्शन पॉइंटरच आहेत. तिथे एका सिस्टिम कॉलमागे एक-दोन पॉइंटर येतात, त्यांच्यावर हात उगारायची गरज नाही. नेटवर्कवाल्यांची गोष्ट वेगळी. १० गिगाबिटच्या लाइनवर सगळ्यात लहान पॅकेट दर ६७ नॅनोसेकंदांना येऊन धडकतं, म्हणजे हातात जेमतेम २०० सायकल. तिथे पाच कॉलबॅक म्हणजे अख्ख्या पगाराचं घरभाडं.

नंतर कर्नलमधलं आरबीट्रीचं, म्हणजे याच रेड-ब्लॅक ट्रीचं, डॉक्युमेंटेशन नीट वाचलं. तुलनेचा कॉलबॅक वेगासाठी मुद्दामच ठेवलेला नाही, असं तिथे स्वच्छ लिहिलंय. ज्याला मी गैरसोय म्हणत होते तो विचार करून घेतलेला निर्णय होता. ५.२ कर्नलमधल्या सॉर्टच्या, म्हणजे क्रम लावण्याच्या, कोडनं तर मला थक्कच केलं. नेहमीच्या अदलाबदलीच्या फंक्शनांऐवजी तिथे पॉइंटरच्या जागी ०, १, २ असे छोटे आकडे ठेवलेत. आकडा ओळखायचा आणि थेट कॉल करायचा. साध्या इफचा अंदाज प्रोसेसर आजही बांधतो, इनडायरेक्ट कॉल टळतो.

पण खरा आनंद झाला तो ५.१२ मुळे, २०२१ साली. त्यात आरबी-फाइंड, आरबी-ॲड अशी मदतनीस फंक्शनं आली. दिसायला अगदी माझ्या थरासारखीच, तुलनेचं फंक्शन बाहेरून घेणारी. फरक इतकाच की ती हेडर फाइलमध्ये आहेत आणि सक्तीनं इनलाइन होतात, म्हणजे कॉलच्या जागी त्यांचा कोडच बसवला जातो. कुठलं फंक्शन दिलंय हे कंपायलरला कंपाइल करतानाच दिसतं, त्यामुळे पॉइंटर उरतच नाही. मी तो पॉइंटर स्ट्रक्टमध्ये ठेवून कंपायलरच्या नजरेआड केला होता, नुकसान तिथे झालं होतं.

हातानं लिहिलेला तो ट्री मी अलीकडेच आरबी-फाइंडवर आणला. ऑब्जडंपनं तयार झालेला मशीन कोड काढून लूप ओळीनं वाचला. तुलनेच्या जागी कॉल नव्हता, फक्त एक कंपेअर आणि दोन जंप होते.