तुम्ही विचारलंत म्हणून: पोराला सीएला घालू का?

रिटर्नवर सही झाली, चहा आला, की समोरचे गृहस्थ खुर्ची जरा पुढे ओढतात. "मॅडम, मुलाला सीएला घालू का? म्हणजे तसं आपल्याकडे कमी काही नाही हो."

आमचं सीएचं ऑफिस ठाण्यात, नौपाड्यात. विचारणारे कधी गोखले रोडवरचे दुकानदार, कधी वागळे इस्टेटमधले कारखानदार, कधी घोडबंदर रोडला नर्सिंग होम असलेले डॉक्टर. त्यांचे हिशोब मीच बघते, त्यामुळे कमी काही नाही हे मला ठाऊक असतं. कोणी सीएचं विचारतं, कोणी डॉक्टरकीचं, कोणी जेईईचं. सगळ्यांचा रोख एकच: पोटापाण्याची चिंता नसताना मुलाला असल्या पिळून काढणाऱ्या करिअरमागे लावावं का?

लावा. फक्त थांबवणार कोण आणि कधी, हे आधी ठरवा.

'लावा' म्हटलं की काही जण दचकतात. हल्ली मुलांची आवड जपायची पद्धत आहे. पण सतराव्या वर्षी आवड असते ती आजवर जे बघितलं त्याचीच, आणि हिरानंदानीतल्या टॉवरमध्ये वाढलेल्या, शाळा-क्लासला गाडीने गेलेल्या मुलाने बघितलेलं असतं तरी किती? शिवाय 'पोरगं बसून खाईल' ही बापाची भीती उगाच नसते. अशा मुलांची रिटर्न मी भरते. घरभाड्याचं उत्पन्न आहे, एफडीचं व्याज आहे, आजोबांनी नावावर केलेल्या शेअरचा डिव्हिडंड आहे. पगाराच्या आणि धंद्याच्या रकान्यात मात्र शून्य, आणि वय चौतीस. कर वेळेवर भरला जातो, नोटीस कधी येत नाही. क्लायंट म्हणून उत्तम. पण फॉर्म भरताना मलाच कसंतरी होतं.

तेव्हा बारावीनंतर सीए फाउंडेशन, म्हणजे सीएची पहिली परीक्षा दे, असा आग्रह धरायला माझी ना नाही. चार पेपर असतात. पास झाला नाही तरी अकाउंट्स, थोडा कायदा, थोडं अर्थशास्त्र डोक्यात राहतं, वाया काही जात नाही.

खरं घोडं पुढे अडतं. पास व्हायला प्रत्येक पेपरात ४० आणि ग्रुपमध्ये, म्हणजे पेपरांच्या गटात, मिळून ५० टक्के लागतात. ऐकायला किरकोळ वाटतं. नोव्हेंबर २०२३ च्या फायनलला, म्हणजे शेवटच्या परीक्षेला, दोन्ही ग्रुप एकदम देणाऱ्यांपैकी ९.४२ टक्के पास झाले. नापास होणं ही या वाटेवरची रीतच आहे, हुशार मुलंही होतात. आता आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, तीनऐवजी दोन वर्षांची झाली आणि २०२५ पासून फायनलही वर्षातून तीनदा होते. पालकांना हे ऐकून हायसं वाटतं. मला नाही वाटत. 'पुढच्या वेळी नक्की' म्हणायची सोय आता वर्षातून तीनदा झाली.

काही परीक्षा स्वतःच दार लावून घेतात. जेईई ॲडव्हान्स्ड लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदाच देता येते. आपल्या महापालिकेच्या चिंतामणराव देशमुख संस्थेत यूपीएससीची तयारी करणाऱ्या मुलांना विचारा, खुल्या गटाला सहा प्रयत्न आणि वय ३२ हे त्यांना झोपेतही पाठ असतं. सीएला असा प्रयत्नांचा आकडा नाही. डॉक्टरकीच्या नीट परीक्षेलाही नाही, आणि तिथली वयाची वरची अटही २०२२ मध्ये निघाली. परीक्षा थांबवत नसेल तर मग घराने थांबवायचं.

कळवा-दिव्याकडच्या बेताच्या घरात ते काम पैसा करतो. दोन-तीन अटेम्प्ट झाले की आई म्हणते, आता नोकरी बघ बाई. मुलगी सीएच्या मधल्या, इंटर परीक्षेच्या जोरावर कुठेतरी अकाउंट्सला लागते, जमलं तर रात्री अभ्यास करून फायनलला बसते. यात कौतुक करण्यासारखं काही नाही. माझ्याकडच्या चांगल्या चांगल्या मुली एवढ्याचसाठी मागे राहिल्या. (गरजेने मुलं जिद्दी होतात हेही मला फारसं पटत नाही. गरजेने ती दमतात.) पण तिथे निदान कोणीतरी तोंड उघडतं. भरल्या घरात सगळे गप्प. फी भरली जाते, क्लास बदलला जातो, शांतता हवी म्हणून दुसऱ्या फ्लॅटमध्ये एसी बसवून अभ्यासाची खोली होते. पोरगा कोणाला काही मागत नाही आणि त्याला कोणी काही विचारत नाही. सत्ताविसाव्या वर्षी कोणाच्या तरी लग्नात मावशी विचारते, "काय करतोस रे सध्या?" तो म्हणतो, "सीए करतोय." आई लगेच जेवणाच्या रांगेकडे बोट दाखवते.

या मुलांना आळशी म्हणणं सोपं आहे. माझा अनुभव उलटा आहे. बरीचशी इमानदारीने बसतात, आणि सोडायचं म्हटलं तर बाबांनी एवढं केलं, या ओझ्याने सोडवत नाही. परवडत असतं ते बाबांना. दिवस मुलाचे जातात.

वेगळं वागलेला एक बापही मी पाहिला. भिवंडीकडे त्यांची स्वतःची गोदामं. मुलगा माझ्याकडे आर्टिकल होता. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्यासमोरच त्याला सांगितलं, "फायनलचे तीन अटेम्प्ट. मग विषय संपला, आणि मी टोमणा मारणार नाही." अभ्यासात मुलगा बेताचा. एकदा दुसऱ्याच एका पार्टीच्या गोदामात त्याला स्टॉक मोजायला पाठवलं. मे महिना, वर पत्रे, कापडाच्या ताग्यांच्या डोक्यावरून जाणाऱ्या थप्प्या. गोदामवाला प्रेमाने म्हणाला, "वर कशाला चढताय, आकडा लिहून घ्या ना, सरबत मागवतो." इतर मुलं लिहून घेतात, मला माहीत आहे. याने शिडी मागितली. वर चढून बघतो तर पुढची रांग भक्कम आणि मधली जागा मोकळी. खाली उतरला तो धुळीने माखलेला, आणि शीटवर पेन्सिलीने थप्पीचा नकाशाच काढून आणलेला. तसला वर्किंग पेपर, म्हणजे तपासणीचं टिपण, आमच्याकडे रँकवाल्यानेही कधी दिला नव्हता.

तिन्ही वेळा फायनल राहिली. बापाने शब्द पाळला. मुलगा आज घरची गोदामं बघतो, आणि महिनाअखेरीला स्वतः शिडीवर चढतो, असं त्यांचा मुनीम मला कुरकुरत सांगतो.

डॉक्टर मंडळींचं दुखणं निराळं, 'नर्सिंग होम पुढे कोण बघणार?' एमबीबीएसची साडेचार वर्षं, एक वर्ष इंटर्नशिप, पुढे एमडी किंवा एमएसची तीन. नीटच्या एक-दोन फेऱ्या धरल्या तर मुलीची विशी त्यातच सरते. इमारत रिकामी पडू नये म्हणून कोणी डॉक्टर होऊ नये. ती भाड्याने देता येते, करार मी बघून देईन.

आता, लावायचंच ठरलं तर माझ्या दोन अटी आहेत. अटेम्प्टचा आकडा सुरुवातीलाच, मुलाच्या देखत बोला. तीन म्हणा, चार म्हणा. निकाल लागल्यावर ठरवू म्हणालात तर ते कधीच ठरत नाही, कारण त्या दिवशी घरात सुतक असतं आणि रडणाऱ्याला कोणी 'बस कर' म्हणत नाही. आणि त्याच बैठकीत, नाही जमलं तर पुढे काय, हेही बोला. 'आपलं दुकान आहेच' हे उत्तर धरू नका. दुकानावर यायचं असेल तर कामाचं नाव सांगा, पगार ठरवा, आणि तो खात्यावर जमा करा म्हणजे मलाही दाखवता येईल.

मुलाला एकदा ऑफिस दाखवायचं असेल तर जरूर पाठवा, पण एकट्याला. वडील बरोबर असले की मी प्रश्न मुलाला विचारते आणि उत्तर वडील देतात. सुट्टीसाठी, उशीर झाला म्हणून, पोट बिघडलं म्हणून वडिलांचे फोन येतात तेही मी घेत नाही. जे काय असेल ते त्याने सांगावं. आणि सप्टेंबरात नको. ३० तारखेला टॅक्स ऑडिटची मुदत असते, त्या महिन्यात आम्ही कोणाशीच धड बोलत नाही. किंवा असं करा, सप्टेंबरातच पाठवा. काय ते त्याला एका दिवसात कळेल.