आमच्या बाहुलीला बसेल का?

बाहुलीच्या कपड्यांच्या टेबलाशी उभं राहिलेलं प्रत्येक गिऱ्हाईक आधी हेच विचारतं. रंग छान आहे, काठ छान आहे, हे नंतर. आई एका हातात परकर-पोलकं धरते, दुसऱ्या हाताने हवेत बाहुलीची उंची दाखवते, “एवढी आहे आमची”, आणि तुमच्याकडे बघते. त्या क्षणी तुम्हाला खात्रीने “बसेल” म्हणता आलं तर विक्री होते. “बहुतेक बसेल” म्हणालात तर कपडा परत टेबलावर. त्यामुळे कापड घेण्यापासून टेबल मांडण्यापर्यंत सगळी तयारी या एका प्रश्नाच्या उत्तरासाठी करायची असते.

सांगलीत दिवाळीआधी, संक्रांतीच्या सुमाराला आणि उन्हाळी सुट्टीत मंगल कार्यालयांत, हॉलमध्ये दोन-तीन दिवसांची प्रदर्शनं लागतात. साड्या, मसाले, पणत्या, इमिटेशन दागिने यांच्या रांगेत बाहुलीच्या कपड्यांचं टेबल एखादंच असतं. स्पर्धा कमी ही जमेची बाजू. पण लोक ते विकत घ्यायचं ठरवून आलेले नसतात आणि बाहुली घरी असते. म्हणून प्रदर्शनाच्या आधी व्हॉट्सॲपवर जो फोटो फिरवाल, त्यात ठळक अक्षरांत लिहा : बाहुली सोबत आणा. स्टॉल नंबरपेक्षाही मोठ्या अक्षरांत लिहा.

आधी मापं. आपल्याकडे घरोघरी दिसते ती साडेअकरा इंची, म्हणजे २९ सेंटिमीटरची फॅशन बाहुली. बार्बी १९५९ साली आली तेव्हापासून हीच उंची रूढ झाली आणि तिच्यासारख्या स्वस्त बाहुल्याही याच उंचीच्या निघतात. उंची साधारण एक असली तरी अंग एक नसतं. २०१६ पासून बार्बीच्याच भरलेल्या अंगाच्या, उंच आणि बुटक्या अशा आणखी तीन ठेवणी बाजारात आहेत. साधी आणि भरलेली यांच्या कंबरेतच दीड-दोन सेंटिमीटरचा फरक पडतो. बाहुलीच्या मापात दोन सेंटिमीटर म्हणजे कपडा मांडीवरच अडकला म्हणून समजा. त्याखेरीज बारा, चौदा, सोळा इंची बाळ-बाहुल्या, म्हणजे कापसाचं पोट आणि प्लास्टिकचे हातपाय असलेल्या. त्यांचं डोकं मोठं, मान जवळजवळ नाहीच आणि पोट पुढे. फॅशन बाहुलीचा कागदी नमुना मोठा करून त्यांना चालत नाही, वेगळाच काढावा लागतो.

सुरुवातीला दोनच मापं धरा : २९ सेंटिमीटरची फॅशन बाहुली आणि चौदा इंची बाळ. पाच मापांचे चार-चार नग ठेवण्यापेक्षा दोन मापांचे दहा-दहा नग ठेवलेले बरे. निवड दिसते आणि “बसेल” हे छातीठोक सांगता येतं.

आता शिवणकाम. बाहुली माणसाच्या सहापट लहान असते, पण कापड काही सहापट पातळ होत नाही. नवशिक्यांच्या बहुतेक चुका इथूनच निघतात. आपल्या ब्लाउजला पाऊण-एक इंच माया, म्हणजे शिलाईबाहेरचं जादा कापड, सोडतो तशी इथे सोडली तर आत नुसता गोळा होतो. माया ६ मिलिमीटर ठेवा, शिवून झाल्यावर ती ३ मिलिमीटरपर्यंत कापा आणि गळ्याच्या आणि मुंढ्याच्या, म्हणजे बाही जोडतात त्या, गोलाईवर बारीक काप द्या. टाका दीड ते दोन मिलिमीटरचा. सुई ९ किंवा ११ नंबरची. १६ नंबरची सुई मलमलला भोकं पाडते आणि ती भोकं इस्त्रीनेही बुजत नाहीत. कापड मलमल, केंब्रिक किंवा पातळ पॉपलीन. इचलकरंजी हाकेच्या अंतरावर असताना सांगलीत सुती कापडाला तोटा नाही, आणि कापड पेठेत, हरभट रोडला कटपीस धुंडाळले तर अर्ध्या मीटरचे तुकडेही मिळतात. छापील कापड घेताना फूल एक सेंटिमीटरपेक्षा मोठं नको, चौकटी तीन-चार मिलिमीटरच्या. मोठं फूल बाहुलीच्या छातीवर अर्धंच येतं आणि फ्रॉक चिंधीतून शिवल्यासारखा दिसतो.

शिवताना कापडाचा कोपरा सुईखालच्या प्लेटच्या भोकात ओढला जाऊन गुंतणं ही रोजची डोकेदुखी. झिगझॅग करणाऱ्या नव्या मशीनच्या प्लेटचं भोक लांबट असतं, म्हणून तिथे हे जास्त होतं. जुनं काळं सरळ टाक्याचं मशीन या कामाला सरस, कारण तिचं भोक गोल आणि लहान. तरीही टाका थेट कपड्यावर सुरू करू नका. आधी एका चिंधीवर चार टाके घाला आणि तसंच पुढे कपड्यावर जा, नंतर चिंधी कापून टाका.

बाही नेहमी कापड सपाट असताना जोडायची. आधी खांदा, मग मुंढ्याला बाही, आणि शेवटी बाहीच्या टोकापासून बगलेतून खाली कमरेपर्यंत एकच सलग शिलाई. माणसाच्या कपड्यासारखी गोल बाही गोल मुंढ्यात बसवायला गेलात तर एवढ्याशा भोकात मशीनचा फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, शिरतच नाही. मागची उघडीक कमरेच्या खाली, कुल्ल्यांपर्यंत न्या. बाहुलीचे हात मागे वळत नाहीत, म्हणून उघडीक छोटी ठेवली की मूल कपडा ओढतं आणि पहिल्याच दिवशी बगल उसवते.

बंद करायला काय लावायचं? टिचबटण नीटस दिसतं, पण चार-पाच वर्षांच्या मुलीच्या बोटांना ते उघडत नाही, आणि तुटून पडलं की तोंडात जाण्याची भीती. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी बटण, मणी, टिकली काहीच लावू नये. वेल्क्रो बरं, पण पातळ आणि मऊ जातीचं घ्या, रुंदी ८ मिलिमीटरपर्यंत कापून. वेल्क्रोचा खरखरीत भाग बाहुलीच्या केसांचा शत्रू आहे. एकदा केस अडकले की गुंता सुटत नाही, आणि मुलगी रडते ती त्या कपड्यावर. यासाठी मऊ पट्टी उघडिकीच्या खाली जाणाऱ्या भागावर वरून लावा, कारण पाठीवरचे केस तिथेच पडतात. खरखरीत पट्टी वर येणाऱ्या भागाच्या आतून, आणि ती मऊ पट्टीपेक्षा दोन मिलिमीटर अरुंद. म्हणजे बंद केल्यावर तिची कड कुठेच बाहेर डोकावत नाही.

सांगलीच्या प्रदर्शनात सर्वांत जास्त हात जातो तो खणाच्या परकर-पोलक्याकडे. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खण आपल्याकडे जुन्या ओळखीचा, आणि त्याचा बारीक काठ बाहुलीच्या मापाला जणू मोजून बेतलेला असतो. खणाला दोन्ही बाजूंनी काठ असतो. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, मोजून घ्या. तो साधारण ३० इंच, म्हणजे ७६ सेंटिमीटर असेल तर एक मीटर खणातून हिशेब असा बसतो : दोन्ही काठांकडून साडेएकोणीस सेंटिमीटर रुंदीच्या दोन लांब पट्ट्या काढायच्या. एका पट्टीचे प्रत्येकी ३० सेंटिमीटरचे तीन परकर, दोन पट्ट्यांचे सहा. मध्ये ३७ सेंटिमीटरचा पट्टा उरतो, त्यात सहाही पोलकी निघतात. परकराच्या खाली काठाची किनार येते, तिचे धागे सुटत नाहीत, म्हणून खाली दुमड घालावी लागत नाही आणि घेर सुंदर पडतो. वर दीड सेंटिमीटर दुमडून नेफा, त्यात ५ मिलिमीटरचं चपटं इलॅस्टिक. कंबर ९ सेंटिमीटर असेल तर इलॅस्टिक शिवून ८ भरलं पाहिजे. असा परकर साध्या अंगाच्या बाहुलीलाही बसतो, भरलेल्या अंगाच्याही. चुण्यांसाठी कंबरेच्या तिप्पट कापड पुरे. हौसेने पाचपट घातलं की परकर छत्रीसारखा उभा राहतो.

खणाची अडचण एकच : कापल्या क्षणापासून धागे सुटायला लागतात. पोलकं बेतण्याआधी मधल्या पट्ट्याच्या उलट बाजूला इस्त्रीने चिकटणारं पातळ पेस्टिंग लावून घ्या आणि मगच कापा. अस्तर पांढऱ्या मलमलीचं.

हे अस्तर शोभेसाठी नाही. लाल, मरून, गडद निळं, काळं कापड बाहुलीच्या अंगाला लागून राहिलं की त्याचा रंग प्लास्टिकमध्ये उतरतो. बाहुलीचं मऊ प्लास्टिक रंग आत ओढून घेतं आणि तो मग साबणाने किंवा स्पिरिटने जात नाही. महिनाभराने लाल परकर काढल्यावर बाहुलीच्या कंबरेभोवती गुलाबी पट्टा उमटलेला दिसतो, आणि ती आई पुन्हा तुमच्या टेबलाकडे येत नाही. चाचणी सोपी आहे : कापड कोमट साबणाच्या पाण्यात दोनदा धुवा, ओलं असतानाच पांढऱ्या सुती फडक्यात दाबून वरून गरम इस्त्री फिरवा. फडक्यावर छटा आली तर ते कापड अस्तराशिवाय वापरू नका. जास्त आली तर मुळीच वापरू नका, मग ते कितीही सुंदर असो.

साडीबद्दल थोडक्यात. खऱ्या साडीच्या हिशेबाने बाहुलीला ९० सेंटिमीटर बाय १९ लागतं, पण नेसवायची साडी विकू नका, मुलींना ती नेसवता येत नाही. निऱ्या तीन किंवा चारच, इस्त्री करून आतून टाचलेल्या, आणि कंबरेला इलॅस्टिक. पदर खांद्यावर एका टाक्याने पक्का.

बाळकृष्णाचे पोशाखही अनेक जणी याच टेबलावर ठेवतात, विक्री चांगली होते. मात्र ते वेगळ्या परडीत, झाकून ठेवा. बाहुलीला घालून पाहिलेला कपडा कोणी देवाला घेत नाही, आणि ते बरोबरच आहे. दुकानांत पोशाखाचे जे नंबर चालतात ते सगळीकडे सारखे नसतात, म्हणून नंबराबरोबर घेराचं माप सेंटिमीटरमध्ये लिहा.

टेबल मांडताना फ्रॉक एकीकडे, परकर दुसरीकडे अशी विभागणी करू नका. बाहुलीच्या मापाने करा. डावीकडे सगळं २९ सेंटिमीटरचं, उजवीकडे सगळं चौदा इंचीचं, आणि वेष्टनावर मापाप्रमाणे रंगीत टिकली. मध्ये एक पुठ्ठा उभा करा, त्यावर दोन्ही बाहुल्यांची खऱ्या मापाची बाह्यरेषा काढलेली. ज्यांनी बाहुली आणलेली नाही, त्या या पुठ्ठ्याकडे बघून पटकन सांगतात, “ही आमची.” एक बाहुली आणि दोन नमुन्याचे कपडे मुलांना हाताळायला मोकळे ठेवा. संध्याकाळपर्यंत ते मळतात, म्हणून दुसऱ्या दिवसासाठी आणखी एक जोड हवाच. मुलीने स्वतः वेल्क्रो लावून दाखवलं की आईचा हात पर्सकडे जातो. प्रदर्शनातलं टेबल अडीच फूट उंच असतं आणि पाच वर्षांच्या मुलीचे डोळे साडेतीन फुटांच्या आत. त्यामुळे कपडे लटकवायची दांडी टेबलाच्या वर फूटभरच ठेवा. मोठ्यांच्या नजरेला ठेवलेलं मुलांना दिसतच नाही.

हॉलमधल्या पिवळ्या दिव्यात मरून रंग चॉकलेटी दिसतो, गडद निळा काळा दिसतो. स्वतःचा पांढरा एलईडी दिवा आणि पाच मीटरची वायर सोबत ठेवा. क्यूआर कोड दोन ठिकाणी लावा. आतल्या हॉलमध्ये फोनला रेंज नसते, म्हणून दहा-वीसच्या सुट्ट्या नोटाही हव्यात.

किमतीचा हिशेब नमुन्यादाखल सांगतो, आकडे तुमचे तुम्ही घाला. खण १५० रुपये मीटर धरला तर एका जोडाला २५ रुपये. अस्तर-पेस्टिंग ५, इलॅस्टिक-वेल्क्रो-दोरा ४, कार्ड आणि पिशवी ४. झाले ३८. सहा जोड एकदम बेतून शिवले तर साडेचार तास लागतात, म्हणजे जोडाला पाऊण तास. तासाला ६० रुपये धरले तर ४५. दोन दिवसांचं स्टॉलभाडं १२०० आणि विक्री ६० नग, तर नगामागे २०. एकूण १०३. हा जोड १५० ला विकायला हवा. शंभरला विकणाऱ्या बायका मजुरी धरत नाहीत, आणि त्यांच्यामुळे शेजारच्या टेबलावरच्या बाईलाही मजुरी मिळत नाही. हे खरंच थांबायला हवं. ज्यांना कमी किमतीचं हवं त्यांच्यासाठी उरलेल्या तुकड्यांचे ३०-४० रुपयांचे स्कार्फ, झोळ्या, छोट्या उशा ठेवा, पण जोडाची किंमत पाडू नका.

कार्डवर ब्रँडचं नाव छापू नका, तो दुसऱ्याचा ट्रेडमार्क आहे. “२९ सेंटिमीटर उंचीच्या फॅशन बाहुलीसाठी” एवढं लिहिलं की पुरतं. कपड्यांसोबत बाहुलीही विकायचा विचार असेल तर १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, तेव्हा चिन्ह असलेल्याच बाहुल्या घ्या.

पावसाळ्यात माल तळमजल्यावर ठेवू नका. २०१९ आणि २०२१ चा पूर सांगलीकरांना सांगायला नको. झाकणाच्या प्लास्टिक डब्यात, माळ्यावर, जरीचे कपडे पांढऱ्या सुती फडक्यात वेगळे गुंडाळून ठेवा. वर्तमानपत्रात नकोत, शाई लागते.

आणि टेबलावर एक वही उघडी ठेवा. काय विकलं ते पैशांवरून कळतंच. वहीत लिहायचं ते लोकांनी विचारलं आणि तुमच्याकडे नव्हतं ते : सोळा इंची बाळाचं झबलं, मुलगा-बाहुल्याचा कुर्ता, शाळेचा गणवेश. दोन दिवसांत एकच गोष्ट चार वेळा लिहिली गेली, तर पुढच्या प्रदर्शनासाठी तिसरं माप कोणतं घ्यायचं ते ठरलं.