एका मुंडीचा हिशोब लागत नाही

चेतापेशींच्या पटलावर, म्हणजे त्यांच्या पातळ आवरणावर (मेंब्रेन), संशोधन करते असं सांगितलं की लोक आदराने मान डोलावतात. त्यासाठी सकाळी साडेसहाला मटणाच्या दुकानात उभी असते असं सांगितलं की खरे प्रश्न सुरू होतात. नवी मुंबईतल्या आमच्या कॉलेजात उंदीर ठेवायला प्राणिगृह नाही. ते उभारायचं तर समिती, परवानग्या, खर्च हे सगळं आलं. बकरं मात्र तसंही कापलं जाणारच असतं. म्हणून आमच्या डिपार्टमेंटमध्ये पिढ्यान्‌पिढ्या पीएचड्या बकऱ्याच्या भेज्यावर झाल्या आहेत.

भेजा मिळवणं ही स्वतंत्र विद्या आहे. मुंडीचं गिऱ्हाईक ती भाजून मागतं, त्यामुळे दुकानात मुंडी आली की आधी तिच्यावर ज्वाला फिरते. तशी मुंडी रश्शाला उत्तम, पण मला मोजायचे असतात ते एन्झाइम्स, म्हणजे पेशीतल्या रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं, त्यात मरतात. मामांना (आमचे खाटीक, मी मामा म्हणते, ते मला ताई) हे पटवायला बराच काळ गेला. आता ते एक मुंडी न भाजता बाजूला ठेवतात, कोयत्याच्या एका घावात कवटी उघडतात आणि भेजा अख्खा काढून देतात. पलीकडच्या कोळीणबाईंकडून बर्फाचा चुरा घ्यायचा, थर्माकोलच्या खोक्यात भरायचा आणि रिक्षा पकडायची. जनावर पडल्यापासून तासाभरात भेजा थंडगार साखरेच्या द्रावणात गेला पाहिजे. सिग्नलला रिक्षा थांबली की माझा जीव वरखाली होतो.

पुढचं काम काचेच्या नळीत आणि टेफ्लॉनच्या दांड्यात. भेजा हलक्या हाताने घुसळायचा. जोर जास्त झाला तर सगळ्याचाच चोथा, कमी पडला तर पेशी फुटत नाहीत. नीट जमलं तर एक मजेदार गोष्ट होते. चेतापेशीचं टोक, म्हणजे जिथून ती पुढच्या पेशीला निरोप देते तो भाग, तुटतं आणि त्याचं पटल आपोआप मिटून छोटी बंद पिशवी तयार होते. या पिशव्या सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वेगळ्या करायच्या, मग पाण्यात फोडायच्या की उरतं ते पटल. या तयार मालाला आम्ही ‘प्रेप’ म्हणतो. आमचा सगळा संसार त्या पटलावर.

पटल चांगलं निघालं की नाही हे दोन एन्झाइम्स सांगतात. पहिला सोडियम-पोटॅशियम पंप. पेशीचं इंधन असलेल्या एटीपीचा एक रेणू मोडून तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत. हा थांबला की पटलावरचा विजेचा दाब ओसरतो आणि निरोप पुढे जात नाही. डेन्मार्कच्या येन्स स्कौ यांनी 1957 मध्ये खेकड्याच्या चेतातंतूंतून तो हुडकला आणि नोबेल मिळायला 1997 उजाडलं. आम्ही तो सुटलेल्या फॉस्फेटवरून मोजतो, फिस्के-सुब्बाराव पद्धतीने, निळ्या रंगात. ती 1925 ची आहे आणि आजही चालते. आमच्या एमएस्सीच्या अर्ध्या पोरांना फिस्के-सुब्बाराव हे एकाच माणसाचं नाव वाटतं. येल्लाप्रगडा सुब्बाराव हा भीमावरमचा माणूस, हार्वर्डमध्ये राबला आणि एटीपी शोधणाऱ्यांतही होता, हे सांगितलं की ती तोंडाकडे बघत राहतात. अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांना हे का सुचत नाही देव जाणे.

दुसरा असेटिलकोलिनएस्टरेज. एका पेशीने सोडलेलं असेटिलकोलिन दुसरीला निरोप देऊन झालं की ते तिथल्या तिथे तोडायचं, हे त्याचं काम. सेकंदाला हजारो रेणू तोडतो. तो पटलाला घट्ट बांधलेला असतो, म्हणून आमच्याकडे पटलाची खूण म्हणूनच मोजतात. एल्मनची 1961 ची पद्धत: क्युव्हेटमध्ये (छोट्या पारदर्शक नळीत) पटल, रंगाचं रसायन आणि शेवटी सबस्ट्रेट (एन्झाइम जे तोडतो ते रसायन) टाकलं की डोळ्यांदेखत हळदीच्या पाण्यासारखा पिवळा रंग चढत जातो. मशीनवरचा आकडा बघायच्या आधीच कळतं, आजचा माल चांगला आहे.

त्या दिवशी रंग चढलाच नाही.

आषाढाचा शेवटचा रविवार होता, म्हणजे गटारी. दुकानासमोर भर पावसात छत्र्यांची रांग होती. मामांनी नेहमीसारखी मुंडी ठेवली होती, पण बोलायला सवड नव्हती. पैसे द्यायला गेले तर म्हणाले, ‘‘असू दे ताई, आज निम्मेच दे.’’ गटारीच्या दिवशी खाटीक पैसे सोडतो हे मला तेव्हा नुसतं चांगुलपणाचं वाटलं.

क्युव्हेट पाण्यासारखा राहिला तेव्हा आधी रसायनांवर संशय घेतला. फ्रीजरमधून आदल्या खेपेचं पटल काढलं आणि त्याच बाटल्यांतून लावलं. ते झरझर पिवळं झालं. म्हणजे बाटल्या ठीक. नवं पटल दुप्पट घेतलं तरी नेहमीच्या जेमतेम चौथाई वेग. सुट्टीचा दिवस, लॅबमध्ये मी आणि खालच्या मजल्यावर वॉचमन. सरांना फोन केला. सर म्हणाले, ‘‘प्रेप बिघडलीय. गर्दीत वेळ गेला असेल. टाकून दे आणि उद्या नवीन भेजा आण.’’

सर माणूस चांगला आहे, पण गेल्या कित्येक वर्षांत त्यांनी स्वतः पिपेट धरलेली नाही, आणि हे असं उत्तर पिपेट न धरणाराच देऊ शकतो. कारण प्रेप बिघडली तर आधी मरतो तो पंप. तो नाजूक, उष्णतेने जातो, जास्त घुसळण्याने जातो, साबणाच्या थेंबाने जातो. एस्टरेज दणकट, बाकी सगळे गेले तरी तो तग धरतो. आणि माझा पंप ठणठणीत होता. निळा रंग नेहमीएवढा, औबेन टाकल्यावर नेहमीएवढाच घसरला. औबेन हे आफ्रिकेतलं बाणांना लावायचं विष, फक्त पंपालाच पकडतं, म्हणून पंपाचा खरा वाटा त्यावरून कळतो. पटल उत्तम होतं. त्यातला एकच एन्झाइम कुणीतरी नेमका उचलून बंद केला होता.

असं नेमकं करणारी एक मोठी जमात आहे आणि ती शेतीच्या दुकानात मिळते. ऑरगॅनोफॉस्फेट कीटकनाशकं. या एन्झाइमच्या खाचेत सेरीन नावाचं एक अमिनो आम्ल असतं. तिथे फॉस्फेटचा तुकडा चिकटवून ती त्याला निकामी करतात. मग असेटिलकोलिन साठत जातं, लाळ गळते, बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, स्नायू थरथरतात आणि शेवटी श्वास. यवतमाळला 2017 मध्ये फवारणी करताना वीसहून अधिक माणसं गेली, त्यात या जमातीची औषधं होती. युद्धात वापरायचा सरीन हा विषारी वायू याच घराण्यातला.

तपासायचा मार्ग होता. विषबाधेच्या रोग्याला देतात ते प्रॅलिडॉक्सिम सेरीनवरून तो तुकडा उपटून काढतं. प्रॅक्टिकलसाठी आणलेली त्याची बाटली कपाटात होती. यात एक खोच आहे. प्रॅलिडॉक्सिम स्वतःच सबस्ट्रेट तोडतं आणि खोटा पिवळा रंग देतं. बेसावध माणूस ‘एन्झाइम जिवंत झाला’ म्हणून नाचायला लागतो. पण माझा एन्झाइम पटलाला बांधलेला होता, हा मोठा फायदा. औषधात भिजवायचं, सेंट्रिफ्यूजमध्ये पटल तळाला बसवायचं, वरचं पाणी ओतून टाकायचं, पुन्हा धुवायचं. औषध गेलं, एन्झाइम उरला. शेजारी औषधाविना तसंच धुतलेलं पटल आणि आदल्या खेपेचं चांगलं पटल, दोन्ही तशीच वागणूक देऊन.

नुसत्या धुण्याने काही फरक पडला नाही. कार्बामेट गटाचं कीटकनाशक असतं तर धुण्यातच पुष्कळसं सुटलं असतं. चांगल्या पटलावर औषधाचा परिणाम शून्य. आणि औषधात भिजवलेल्या त्या दिवशीच्या पटलाचा वेग नेहमीच्या निम्म्याच्या वर चढला. पूर्ण नाही, पण क्युव्हेट पिवळा होताना मी स्टूलवरून उठून उभी राहिले होते. चिकटलेला तुकडा जुना झाला की ‘पिकतो’ आणि मग औषधाला दाद देत नाही. इथे दाद मिळाली, म्हणजे सगळा माल अजून पिकलेला नव्हता. किती वेळापूर्वी विष गेलं हे त्यावरून नेमकं सांगता येत नाही, कारण काही जातींत हे पिकणं काही तासांत होतं, काहींत दिवस जातो.

तेव्हा संध्याकाळ झाली होती. हा शोध लावल्याचा आनंद मला नक्की किती वेळ टिकला सांगता येणार नाही, कारण लगेच डोक्यात आलं की हे बकरं सकाळीच विकलं गेलं. आता ते कुठल्या तरी सोसायटीच्या गच्चीवर हंडीत शिजत असणार.

आमच्या नात्यात एक पशुवैद्य आहेत, त्यांना फोन लावला. त्यांना जराही आश्चर्य वाटलं नाही, याचंच मला आश्चर्य वाटलं. म्हणाले, पावसाळ्यात गोचीड वाढतात, गोचीड दिसणाऱ्या जनावराला भाव मिळत नाही, मग पिकावरचंच औषध अंदाजे पाण्यात घालून अंगावर ओततात. बकऱ्या एकमेकींना चाटतात. औषध मारल्यावर ठरावीक दिवस जनावर कापायचं नसतं हे लेबलवर लिहिलेलं असतं, पण लेबल वाचतो कोण? आणि एखादं थरथरायला लागलं तर मरायच्या आत कापून मोकळं व्हायचं, निदान मटणाचे पैसे सुटतात. मी विचारलं, खाणाऱ्यांना काय होईल? ते म्हणाले, शिजवल्यावर बरंचसं मोडत असेल, मांसात किती उतरलं यावर आहे, बहुतेक काही नाही. मग जरा थांबून म्हणाले, ‘‘आणि गटारीच्या दुसऱ्या दिवशी उलट्या-जुलाब झाले तर मटणाला कोण दोष देतंय?’’

सोमवारी दुकान रिकामं होतं. मामांना मी आडवळणाने विचारलं, काल माल कुठून आला. ते म्हणाले, ‘‘दोन गाड्या होत्या ताई. आपली नेहमीची पुरली नाही, मग रात्री दुसरी मागवली.’’ ती मुंडी कुठल्या गाडीतली? इथे सगळं अडलं. मुंडी-पाय वेगळे पडतात, धड वेगळं टांगलं जातं. दहा वाजेपर्यंत कुठली मुंडी कुठल्या धडाची हे प्रत्यक्ष कापणाराही सांगू शकत नाही. मी विषाचं बोलले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. ‘‘आमच्याही घरात तेच शिजलं,’’ म्हणाले. हे खरं होतं असं मला वाटतं. पण मग निम्मे पैसे का? ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर उद्यापासून भेजा बंद, आणि माझं काम निम्म्यावर आहे.

एका सरकारी कार्यालयातही फोन केला. पलीकडच्या बाई नीट बोलल्या. मांसाचा नमुना आहे का? नाही, पटल आहे, थोडा भेजा आहे. बिल? नाही. कुणी आजारी? माहीत नाही. एन्झाइम मंदावला हा पुरावा होत नाही मॅडम, औषधाचा अंश सापडला पाहिजे. त्यांचं काही चुकलं असं मला म्हणता येत नाही, आणि हेच जास्त टोचतं. एन्झाइम ‘कुणीतरी मला मारलं’ एवढंच सांगतो. नाव सांगायला मास स्पेक्ट्रोमीटर लागतो, तो आमच्याकडे नाही, आणि बाहेर तपासायचे पैसे माझ्या फेलोशिपला झेपण्यातले नाहीत.

उरलेला भेजा मी तीन पिशव्यांत सील करून उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये तळाशी ठेवलाय. आमचे लॅब अटेंडंट काका बर्फ साफ करताना दर वेळी विचारतात, हे टाकायचं का? नाही काका. शिवाय आता प्रत्येक भेज्याचा एस्टरेज मी आधी पाहते, मगच पुढची घुसळण. एकदोनदा वेग थोडा कमी आला, पण जनावरागणिक तेवढा फरक असतोच. आता मला त्या फरकाकडेही पूर्वीसारखं बघता येत नाही. आमच्या डिपार्टमेंटच्या जुन्या वह्यांत ‘प्रेप खराब, टाकली’ असे शेरे पुष्कळ आहेत. त्यातल्या किती खरंच खराब होत्या?

सरांशी यावरून खटका उडाला. ते म्हणतात, आपण मेंब्रेनवर काम करतो, बकऱ्यांचं पोस्टमॉर्टेम करत नाही. एक आकडा रांगेबाहेर गेला तर काढतात, सगळे काढतात. मी म्हटलं, कारण माहीत नसलेला आकडा काढतात सर, याचं कारण माहीत आहे. ते हसले, पण तक्त्यातून ती ओळ खोडली नाही, तिच्यापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं. नमुना बाहेर पाठवायच्या फॉर्मवर त्यांची सही लागते आणि खर्च डिपार्टमेंटच्या खात्यात टाकावा लागतो. सध्या ते पेपर तपासतायत. गठ्ठा संपला की फॉर्म घेऊन पुन्हा जाणार आहे.