न्गोरोंगोरोच्या विवरात माळढोकाचा भाऊबंद

टांझानियातील न्गोरोंगोरो विवर पाहायला जायचे असे घरात ठरल्यापासून सहल कंपन्यांचे जे जे आराखडे हाती आले, त्या प्रत्येकात सिंह, हत्ती, रानम्हैस, बिबट्या आणि गेंडा ही पाच नावे ठळक अक्षरांत छापलेली होती. माझ्या यादीत मात्र पहिले नाव एका पक्ष्याचे आहे. कोरी बस्टर्ड हा आपल्या माळढोकाचा अगदी जवळचा नातलग असून दोघेही आर्डिओटिस या एकाच प्रजातीत मोडतात. नराचे वजन 18 किलोपर्यंत भरते आणि एवढे वजन घेऊनही तो उडू शकतो. नान्नजच्या माळावर माळढोक पाहिल्याच्या गोष्टी सांगणारी माणसे सोलापुरात आजही भेटतात, पण तो पक्षी आता इथे जवळजवळ दिसेनासा झाला आहे. गवताळ माळ नांगराखाली गेले, विजेच्या तारा आल्या, आणि मादी एका वेळी बहुधा एकच अंडे घालत असल्याने घटलेली संख्या भरून निघाली नाही. त्याचा भाऊबंद न्गोरोंगोरोच्या तळावर अजून दिवसाढवळ्या गवतातून चालताना दिसतो. आमच्या सहलीचा सगळा बेत मी या एका इच्छेभोवती बांधतो आहे.

हे विवर म्हणजे ज्वालामुखीचे तोंड नव्हे. सुमारे पंचवीस लाख वर्षांपूर्वी एक प्रचंड ज्वालामुखी उद्रेकानंतर स्वतःच्याच पोटात कोसळला आणि त्याच्या जागी साधारण 600 मीटर खोल, 16 ते 19 किलोमीटर रुंद आणि तळाशी 260 चौरस किलोमीटरचे मैदान असलेला खळगा तयार झाला. पाण्याने न भरलेले आणि कडा न ढासळलेले असे एवढे मोठे विवर जगात दुसरे नाही. आमच्या मित्रमंडळींत 'म्हणजे लोणारसारखेच ना?' असा प्रश्न हमखास येतो. लोणार उल्कापाताने झाले आहे आणि त्याचा व्यास जेमतेम पावणेदोन किलोमीटर आहे, त्यामुळे हे साम्य केवळ गोल घडणीपुरते समजावे. आपण सोलापूरकरही लाव्ह्याच्याच खडकावर राहतो, पण दख्खनचा लाव्हा शिखरातून न उसळता भूपृष्ठाच्या लांबच लांब भेगांमधून पसरला, म्हणून आपल्या वाट्याला सपाट माळ आला.

विवराच्या तळावर सुमारे पंचवीस हजार मोठे प्राणी राहतात. त्यांत वाइल्डबीस्ट (मोठे आफ्रिकी कुरंग), झेब्रे, रानम्हशी आणि गॅझेल यांचा भरणा आहे. मागादी नावाच्या खारट सरोवरावर रोहित पक्षी येतात. उजनीच्या काठावर रोहित पाहणाऱ्यांना त्यांची ओळख करून द्यायला नको. काळे गेंडे 1960च्या दशकात शंभराच्या आसपास होते, ते शिंगांसाठी झालेल्या चोरट्या शिकारीमुळे 1990च्या दशकात वीसच्याही खाली आले आणि कडक पहाऱ्यामुळे पुन्हा वाढू लागले. सिंहांची कथा वेगळी आहे. 1962 मध्ये चावऱ्या माश्यांचा उपद्रव एवढा झाला की जेमतेम दहा सिंह उरले. पुढची प्रजा बहुतांशी त्यांचीच असल्यामुळे आणि बाहेरचे नर क्वचितच आत शिरत असल्यामुळे तेथील सिंह एकमेकांचे जवळचे नातेवाईक आहेत.

तळावर जिराफ नाहीत. उंच कडे आणि खाण्याजोग्या झाडांचा तुटवडा ही कारणे दिली जातात. हे ऐकल्यावर आक्का म्हणाली, "अरे, जिराफ दिसणार नसेल तर एवढ्या लांब जायचं कशाला?" तिची समजूत काढणे अवघड गेले नाही, कारण विवराच्या बाहेर, सेरेंगेटीकडे उतरणाऱ्या वाटेवर, जिराफ भरपूर आहेत. हत्तिणी आणि पिल्लेही तळावर सहसा येत नाहीत. तिथे भेटतात ते मोठ्या सुळ्यांचे म्हातारे नर.

खरा प्रश्न विवरातला दिवस कसा घालवायचा याचा आहे. प्रवेश सकाळी सहापासून मिळतो आणि संध्याकाळी सहापर्यंत सर्वांना वर यावे लागते, कारण तळावर मुक्कामाची परवानगी नाही. प्रत्येक माणसाच्या शुल्काखेरीज तळावर उतरणाऱ्या गाडीमागे वेगळे शुल्क आहे आणि ते करासह तीनशे डॉलरच्या घरात जाते. माणसे दोन असोत की सहा, गाडीची रक्कम तीच राहते. म्हणून एका लँड क्रूझरमध्ये आम्ही सहा जण, प्रत्येकाला खिडकी, आणि गाडीत परका कोणी नाही, अशी मांडणी केली आहे. अनोळखी प्रवाशांबरोबर सामायिक गाडी घेतली तर खर्च कमी होतो, हे खरे. पण वायरलेसवर कुठे सिंह दिसल्याचा निरोप आला की अशी गाडी तिकडे धावणार आणि बस्टर्डसाठी गवतात अर्धा तास थांबू या, असे म्हणण्याची सोय उरणार नाही. वेगमर्यादा ताशी 25 किलोमीटर असून रस्ता सोडून गाडी घालता येत नाही. त्यामुळे एका टोकाहून दुसऱ्या टोकाला धावण्यात सकाळचा मोलाचा वेळ जातो. विणीच्या हंगामात नर मान फुगवून, पांढरी पिसे उभारून नाचतो. ते पाहायचे तर गाडी बंद करून बसण्याची तयारी हवी. हे सगळे मी कंपनीला आधीच लेखी कळवले आहे.

मुक्काम विवराच्या काठावर करावा की फाटकाबाहेरच्या कराटू गावात, यावर घरात बराच खल झाला. काठावरची हॉटेले महाग आहेत, परंतु तेथून उतरणीच्या रस्त्याला लवकर लागता येते. कराटू स्वस्त असले तरी पहाटे फाटकाबाहेरचा प्रवास वाढतो. मी एक रात्र काठावरची घेतली आहे आणि उरलेल्या रात्री कराटूत. खर्चाची काटकसर करायचीच असेल तर ती एखादे उद्यान वगळून करावी, विवरातला दिवस अर्धा करून करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हंगामाच्या बाबतीत आपल्या शाळांची उन्हाळी सुट्टी अगदी गैरसोयीची आहे. सोलापूर तापत असते तेव्हा, म्हणजे मार्च ते मे या काळात, तिथे मोठा पाऊस असतो आणि उतरणीचे रस्ते चिखलाचे होतात. जून ते ऑक्टोबर हा कोरडा काळ आहे, पण गर्दीही तेव्हाच उसळते. आमच्यात शाळकरी मूल कोणी नसल्यामुळे सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा आटोपून जानेवारीच्या अखेरीस निघायचे ठरले. त्या सुमारास पाऊस बराच कमी झालेला असतो आणि शेजारच्या न्डुटू भागात वाइल्डबीस्टची वीण चालू असते. विवराचा काठ समुद्रसपाटीपासून 2300 मीटर उंचीवर असल्याने पहाटे धुके आणि बोचरी थंडी असणार, तेव्हा सोलापुरी चादर सामानात जाणार हे उघड आहे.

या प्रवासात एक विषय मला टाळता येत नाही. न्गोरोंगोरो संरक्षित क्षेत्र 1959 मध्ये झाले, ते सुमारे 8,292 चौरस किलोमीटरचे आहे आणि 1979 मध्ये जागतिक वारसा यादीत आले. त्याच 1979 साली आपले माळढोक अभयारण्य घोषित झाले आणि त्याचे क्षेत्र होते सुमारे 8,496 चौरस किलोमीटर. पुढे ते छाटून 1,222 वर आणले गेले, कारण त्यात गावेच्या गावे आणि पिकांच्या जमिनी अडकल्या होत्या. तिकडे मसाई पशुपालकांना 1974 मध्ये विवराच्या तळावरून उठवण्यात आले, आणि 2022 पासून संपूर्ण क्षेत्रातूनच त्यांना दूरच्या म्सोमेरा गावी हलवण्यावरून मोठा वाद चालू आहे. जमिनीच्या खरेदी-विक्रीवरचे निर्बंध सोसलेल्या आमच्या जिल्ह्यातील शेतकऱ्याला तो वाद समजावून सांगावा लागणार नाही. मसाई वस्तीची धावती भेट आणि नाच असा जो कार्यक्रम आराखड्यात होता, तो मी काढून टाकला. त्याऐवजी तेथील स्थानिक गाइड दिवसभर मिळेल का, असे विचारले आहे.

कागदपत्रांपैकी व्हिसा ऑनलाइन मिळतो, त्याचे शुल्क 50 डॉलर आहे आणि त्यात अवघड काही नाही. पीतज्वराच्या (यलो फीव्हर) लसीकडे मात्र नीट लक्ष द्यावे लागते. मुंबईहून आपण नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे किलिमांजारो विमानतळावर उतरतो, आणि केनिया व इथिओपिया हे दोन्ही देश भारताच्या पीतज्वर यादीत आहेत. परतताना प्रमाणपत्र नसेल तर सहा दिवसांपर्यंत अलग ठेवले जाऊ शकते. केवळ विमानतळावर थांबलेल्यांना सवलत मिळू शकते, पण ती अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडण्यात अर्थ नाही. लस सरकारने नेमलेल्या केंद्रावरच मिळते, ती प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि प्रमाणपत्र आयुष्यभर चालते. दाजी साठीच्या पुढचे आहेत, आणि त्या वयात ही लस पहिल्यांदाच घेणे सर्वांना मानवतेच असे नाही, म्हणून आधी त्यांच्या डॉक्टरांचा सल्ला घेणार आहोत. हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्यांचेही त्यांनाच विचारू.

राहिला खाण्याचा प्रश्न. शेंगाचटणी आणि कडक भाकरी नेल्याशिवाय आक्का घराबाहेर पडत नाही. टांझानियात 2019 पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे आणि ती बाहेरून येणाऱ्या प्रवाशांनाही लागू आहे, म्हणून चटणी स्टीलच्या डब्यात जाईल. विवरात गाडीतून उतरण्याची मुभा ठरावीक जागीच असते, आणि न्गोइतोकितोक झऱ्याजवळच्या जेवणाच्या जागी घारी हातातला घास पळवतात, तेव्हा भाकरी गाडीत बसूनच खायची, एवढे आक्काला सांगून ठेवले आहे. "घार नेईना का एखादी, मी जास्तच भाजून घेते," असे तिचे उत्तर आले.