गच्चीवरच्या बागेची माती सांगलीत फुकट पडलीय

उन्हाळा लागला की विश्रामबागपासून मिरजेपर्यंत रसवंत्या सुरू होतात आणि संध्याकाळी प्रत्येक रसवंतीमागं चिपाडाचा हा एवढा ढीग असतो. शेतात ऊस तुटला की पाचट पडतं, ते तर अजून कितीतरी ठिकाणी पेटवूनच देतात. आणि आपण शहरातली माणसं काय करतो, तर गच्चीवरच्या कुंड्या भरायला कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुश्याच्या, विटा ऑनलाइन मागवतो. मला हे खरंच पटत नाही.

पर्माकल्चर, म्हणजे निसर्गाच्या पद्धतीनं, काही वाया न घालवता केलेली टिकाऊ शेती-बाग, हा शब्द १९७० च्या दशकात ऑस्ट्रेलियात बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी आणला. पण आपल्याकडं कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर आणि त्यांचा प्रयोग परिवार, यांनी घरच्या काडीकचऱ्यातून, थोडक्या जागेत पीक घ्यायचं कितीतरी लोकांना शिकवलं. त्यामुळं हे काही बाहेरून आलेलं फॅड नाही, आपल्याच भागातलं काम आहे.

गच्चीवर आपली काळी माती भरू नका. ओली झाली की प्रचंड जड होते, वाळली की भेगा पडतात, आणि स्लॅबवर वजन येतं ते वेगळंच. त्यापेक्षा तळाला चिपाड, वर पाचट, वाळलेला पाला, मग शेणखत आणि वर फक्त ओंजळभर माती. चिपाड ताजं टाकू नका, त्यात साखर राहिलेली असते, मुंग्या लागतात आणि आंबूस वास सुटतो, चार दिवस उन्हात पसरा मग वापरा. दुसरं म्हणजे नुसतं चिपाड भरलं तर रोपं पिवळी पडतात, कारण ते कुजवणारे जिवाणू नत्र स्वतःच खाऊन टाकतात आणि झाडाला काही उरत नाही. म्हणून शेणाची स्लरी, भाजीची देठं, ताकाचं पाणी असं काहीतरी ओलं-हिरवं प्रत्येक थराला पाहिजेच पाहिजे. शेणखत पूर्ण कुजलेलंच घ्या आणि हातानं चाळून बघा, त्यात पांढरी, इंग्रजी सी सारखी वळलेली अळी दिसली तर ती हुमणी असू शकते, मुळ्या खाते, वेचून बाहेर काढा.

पाण्याचं पण सांगते. आपल्याकडं बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड, कुंडीच्या काठावर पांढरा थर बसतो तो त्याच क्षारांचा. पावसाचं पाणी साठवून कुंड्यांना दिलं तर ते क्षार धुऊन निघतात. हिशोब सोपा आहे, १ चौरस मीटरवर १ मिलीमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी, म्हणजे हजार चौरस फुटांच्या गच्चीवर २० मिलीमीटरची एक सर आली की १८०० लिटरच्या वर पाणी मिळतं. पहिल्या पावसाचं धुळीचं पाणी सोडून द्या, पुढचं टाकीत घ्या. आणि मार्च ते मे पाचटाचं आच्छादन चांगलं चार बोटं तरी ठेवा, पाणी निम्म्यानं कमी लागतंय असं मला माझ्या बागेत जाणवतं.

माझी सगळ्यात आवडती जोडी म्हणजे मोठ्या ड्रममध्ये शेवगा आणि त्याच्या सावलीला पोत्यांत हळद. सांगलीची हळद जीआय मानांकनवाली, म्हणजे त्या भागाची खास ओळख म्हणून सरकारी नोंद झालेली, २०१८ ला मिळालं ते, मग सांगलीकरांच्या गच्चीवर ती नसावी हे कसं चालेल! अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला डोळे असलेले गड्डे लावायचे, पावसाळ्यात पानं अशी मस्त पसरतात, मग जानेवारी-फेब्रुवारीत पानं सुकली की पोतं उलटं करायचं. हळद शिजवून उन्हात वाळवायला दहा-पंधरा दिवस धरा. कडेला मेथी, कोथिंबीर, जाळीवर दोडका आणि वाल, तेवढ्यावर एका घराची रोजची पालेभाजी होते असं मी म्हणणार नाही, पण आठवड्यातले दोन-तीन दिवस नक्की निघतात.

आणि रसवंतीवाल्या काकांना आधी विचारून ठेवा बरं का, ते चिपाड रात्रीच कुठंतरी टाकून देतात. रिकामं पोतं घेऊन संध्याकाळी गेलात तर बहुतेक जण खुशीनं भरून देतात.